वाचकांचे प्रश्न : वर्गातून चाचणी-मैदानावर, आणि मैदानावरून वर्गात

या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे : विद्यापीठात शिकवणं आणि वाहन उद्योगात काम करणं, या दोन्हींमध्ये ये-जा करायची तर तयारी काय लागते? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, कारण अडचण बहुतेकांची तिथेच आहे.

प्रश्न : मी आठ वर्षं विद्यापीठात वाहन गतिशास्त्र शिकवतो. पीएच.डी. झाली आहे, शोधनिबंधही आहेत. गाड्या बनवणाऱ्या दोन कंपन्यांत मुलाखत दिली, दोन्हीकडे "तुमचं सगळं कागदावरचं आहे" असं ऐकावं लागलं. काय दाखवलं म्हणजे हा शिक्का पुसला जाईल?

शोधनिबंधांची यादी लांबवून तो पुसला जाणार नाही. एक काम असं दाखवा, ज्यात तुम्ही आधी आकडा सांगितला, मग तो गाडीवर मोजला आणि दोन्हींत फरक का पडला ते शोधून काढलं. मुलाखत घेणाऱ्याचं खरं लक्ष या तिसऱ्या भागावर असतं. पहिला भाग त्याच्या टीममधल्या कुणालाही जमतो.

यासाठी अंडरस्टिअरची (वळणात वेग वाढला की स्टिअरिंग भूमितीपेक्षा किती जास्त वळवावं लागतं, त्याची) मोजणी फार चांगली. १९४० साली रीकर्ट आणि शुंक यांनी मांडलेलं एकमार्गी मॉडेल, ज्यात पुढची दोन चाकं मिळून एक आणि मागची दोन मिळून एक धरतात, ते तुम्ही वर्गात शिकवतच असाल. १४०० किलोची गाडी घ्या, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.६ मीटर, ६० टक्के वजन पुढे. म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवर ८४० किलो, मागच्यावर ५६०. दोन्ही अ‍ॅक्सलचा कॉर्नरिंग स्टिफनेस (टायर तिरका चालल्यावर दर कोनामागे मिळणारं आडवं बल) प्रत्येकी ८०,००० न्यूटन प्रति रेडियन धरू. ८४० भागिले ८०,००० म्हणजे ०.०१०५, ५६० भागिले ८०,००० म्हणजे ०.००७. वजाबाकी ०.००३५, हाच अंडरस्टिअरचा आकडा. दर एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढ्या) त्वरणामागे अंशांत सांगायचं तर जवळजवळ २ अंश.

आता ही गाडी १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ताशी ७२ किलोमीटरने चालवली, तर बाजूचं त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. नुसत्या भूमितीसाठी चाकाचा कोन १.४९ अंश लागतो, त्यात अंडरस्टिअरचे ०.८० अंश मिळवले की २.२९. स्टिअरिंगचं गुणोत्तर १६ असेल तर स्टिअरिंग व्हील ३७ अंशांच्या आसपास वळलेलं दिसायला हवं. हा आकडा मैदानावर जाण्यापूर्वी तारीख घालून लिहून ठेवा. नंतर काढलेल्या अंदाजाला किंमत नसते.

मोजणीची पद्धत आयएसओ ४१३८ मध्ये दिलेली आहे. बंदिस्त, सपाट मैदान आणि ते वापरायची लेखी परवानगी हवी. टायरमधली हवा थंड असताना भरून नोंदवा, गाडीत माणसं-उपकरणं ठेवून चारही चाकांखालचं वजन करा. मग काही फेऱ्या मारून टायर गरम करा आणि वेग हळूहळू वाढवत डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही दिशांनी मोजा. दोन्ही दिशांची सरासरी घेतली की स्टिअरिंग सेन्सरच्या शून्यातली चूक आपोआप जाते.

लोक चुकतात ते कुठे, ते सविस्तर सांगायला हवं, कारण मुलाखतीत विचारलं जातं ते हेच.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे टायरचा स्टिफनेस अ‍ॅक्सलचा म्हणून भरणं. टायरच्या आलेखावरून ४०,००० वाचले आणि ते तसेच अ‍ॅक्सलच्या जागी टाकले, की अंडरस्टिअर २ ऐवजी ४ अंश येतो. उत्तर अशक्य कोटीतलं दिसत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

दुसरी चूक त्वरणाच्या सेन्सरची. तो बॉडीवर बसवलेला असतो आणि बॉडी वळणात बाहेरच्या बाजूला कलते. फक्त २ अंश कलली तरी गुरुत्वाकर्षणाचा ०.३४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका भाग मोजणीत घुसतो. ४ च्या मानाने ही ८ टक्क्यांहून जास्त वाढ झाली. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, किंवा वेग गुणिले यॉ रेट (गाडीचा उभ्या अक्षाभोवती फिरण्याचा वेग), यांवरून त्वरण पडताळून पाहा.

तिसरी, जागा कमी म्हणून त्रिज्या लहान घेणं. मानकात ३० मीटरपर्यंत मुभा आहे, पण त्या त्रिज्येत भूमितीचाच कोन ५ अंश होतो आणि आपल्याला हवे असलेले ०.८० अंश त्यात दबून जातात. ड्रायव्हर रेषेपासून एक मीटर इकडेतिकडे झाला तर सुमारे ०.१७ अंशाची चूक, म्हणजे हव्या त्या आकड्याच्या पाचवा हिस्सा. १०० मीटरवर तेवढ्याच चुकीने ०.०१५ अंशाचा फरक पडतो. मोठी जागा मिळवण्यासाठी दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा.

आता समजा ३७ ऐवजी ४३ अंश मिळाले. टायरचा आकडा ओढूनताणून बसवू नका. वरच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंग कॉलम पीळ खात नाही, रॅकचे (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचे) रबरी बुश दबत नाहीत, बॉडी कलल्यावर चाकांचा कोन बदलत नाही. खऱ्या गाडीत हे सगळं होतं, आणि उत्पादनातल्या गाड्या बेताच्या अंडरस्टिअर राहाव्यात म्हणून त्यातलं बरंचसं मुद्दाम ठेवलेलं असतं. रॅकवर तारेचा पोटेन्शिओमीटर लावून रॅकचं सरकणं आणि स्टिअरिंग व्हीलचा कोन एकाच वेळी नोंदवा. दोन्हींतली तफावत कॉलमच्या खात्यात टाका. उरलेला फरक बुश आणि सस्पेन्शनचा. एवढी फोड ज्याने स्वतः केली आहे, त्याला कुणी कागदावरचा अभियंता म्हणत नाही.

याच गाडीवर पुढे स्टिअरिंग सेकंदाला एकदा डावी-उजवीकडे हलवण्याची चाचणी केलीत, तर सिग्नलमधला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरकडे लक्ष द्या. १० हर्ट्झचा दुसऱ्या श्रेणीचा बटरवर्थ फिल्टर सिग्नलला सुमारे २२ मिलिसेकंद उशीर लावतो. १ हर्ट्झला तो ८ अंशांचा फेज-फरक झाला. यॉ रेट गाळला आणि स्टिअरिंगचा कोन तसाच ठेवला, तर गाडी आहे त्यापेक्षा सुस्त दिसेल. सगळे सिग्नल एकाच फिल्टरमधून न्या. चिन्हांचंही पाहा : आयएसओ ८८५५ मध्ये वाय अक्ष डावीकडे आणि झेड वर, तर एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जुन्या पद्धतीत वाय उजवीकडे आणि झेड खाली. जुने निबंध आणि नवं सॉफ्टवेअर एकत्र वापरताना इथेच घोळ होतो.

हे काम चार पानांत मांडा : अंदाज, मोजणी, फरकाची फोड, आणि प्रत्येक आकड्याची चूक-मर्यादा. शेवटची बाब शिकवणाऱ्यांकडून हमखास राहून जाते. कारखान्यात तर मोजमाप यंत्रणेचीच आधी परीक्षा होते. वेगवेगळ्या माणसांनी तोच नग पुनःपुन्हा मोजल्यावर येणारा फैलाव एकूण फैलावाच्या १० टक्क्यांखाली असेल तर यंत्रणा चांगली, ३० टक्क्यांवर गेला तर निकामी, मधला असेल तर कामाचं महत्त्व पाहून ठरवायचं. ही पद्धत शिकून तुमच्या लॅबमधल्या एका तरी उपकरणावर लावून पाहा. एफएमईए (दोष कसे घडू शकतात आणि त्यांचे परिणाम काय, याचं आधीच केलेलं विश्लेषण) हेसुद्धा ताजं शिका. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अजून तीव्रता, घडण्याची शक्यता आणि सापडण्याची शक्यता यांचा गुणाकार शिकवतात. एआयएजी (अमेरिकी) आणि व्हीडीए (जर्मन) या वाहन उद्योग संघटनांच्या २०१९ च्या पुस्तिकेत त्या जागी कृतीची प्राथमिकता आली आहे, कारण नुसत्या गुणाकारात जीवघेणा पण क्वचित घडणारा दोष मागे पडायचा.

प्रश्न : पंधरा वर्षं ब्रेकच्या विभागात आहे. आता शिकवायचं आहे. एका कॉलेजात पाहुणा म्हणून दोन व्याख्यानं दिली, पण मुलं गप्प बसून राहिली. अनुभव भरपूर असून तो पोचत का नाही?

अनुभवी माणूस निष्कर्षापासून सुरुवात करतो. मुलांकडे त्या निष्कर्षाखालची पायरीच नसते. म्हणून व्याख्यान एका गणितावर उभं करा आणि अनुभव त्या गणिताच्या भेगांमध्ये भरा.

नमुना देतो. वरचीच १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची आहे. गतिज ऊर्जा ५४० किलोज्यूल. ०.८ जी मंदनाने थांबायला साडेतीन सेकंद लागतात, म्हणजे सरासरी १५० किलोवॉटहून अधिक शक्ती ब्रेकमध्ये जिरते. गाडीचं इंजिन किती किलोवॉटचं असतं, हे मुलांनाच विचारा. वर्ग इथे जागा होतो.

मग वजनाचं सरकणं. गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर धरला तर पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार ६० टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर जातो. ब्रेकची विभागणीही त्याच प्रमाणात धरली तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला साधारण २०८ किलोज्यूल येतात. डिस्क ७ किलोची, बिडाची विशिष्ट उष्णता ४६० ज्यूल प्रति किलो प्रति अंश. तापमान एका थांब्यात सुमारे ६५ अंशांनी चढलं. पुढचा प्रश्न : लागोपाठ दहा वेळा थांबलं तर? मुलं ६५० म्हणतील. इथपर्यंत वीस मिनिटं.

उरलेला वेळ "या उत्तरात काय धरलं नाही?" याला द्या. हवेने होणारं थंड होणं, पॅडमध्ये आणि हबमध्ये जाणारी उष्णता, मागच्या चाकांनी ठरल्यापेक्षा कमी काम करणं. आणि त्यानंतर तुमच्याकडेच आहे ती गोष्ट सांगा : डिस्क सोसते, पण ब्रेक ऑइल सोसत नाही. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५ वर येते. घाटातून उतरून गाडी उभी केली की वारा लागायचा थांबतो, डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) चढत राहते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुन्हा निघताना पेडल खाली जातं. धोका उतार संपल्यानंतर येतो, हे पुस्तकं क्वचित सांगतात आणि मुलं जन्मभर विसरत नाहीत.

कंपनीच्या स्लाइड्स वापरू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय त्या निर्णय घेणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. फळ्यावर लिहा. तुमच्या लिहिण्याचा वेग आणि मुलांच्या समजण्याचा वेग साधारण जुळतो. नव्या तासाभराच्या व्याख्यानाला सहा ते आठ तासांची तयारी धरून चला, आणि पहिल्या सेमिस्टरला एकच विषय घ्या.

विद्यापीठात कायमची जागा हवी असेल तर एक गोष्ट आतापासून करा. कंपनीचे अंतर्गत अहवाल कितीही भारी असले तरी निवड समितीसमोर त्यांची नोंद होत नाही. समिती प्रसिद्ध झालेलं काम पाहते. नोकरीत असतानाच परिषदेतल्या एक-दोन निबंधांसाठी परवानगी काढा. पदवी नसेल तर पीएच.डी.चं काम नोकरी सुटायच्या आधी सुरू करा, कारण रिग, गाड्या आणि टायर तुमच्या हाताशी आहेत ते आत्ताच.

प्रश्न : वाहन उद्योगात पीएच.डी. लागते का?

टायर मॉडेलिंग, ज्वलन, बॅटरीची रसायनं, कंट्रोल, आवाज-कंपन या विभागांत उपयोग होतो. उत्पादन, खरेदी आणि बहुतेक डिझाइन विभागांत ती चार वर्षं अनुभवात घालवलेली बरी. फक्त पगार वाढेल म्हणून करायची असेल तर करू नका.

प्रश्न : दोन्हीकडे मोठं काम केलेले अभियंते आहेत का? की शेवटी एक बाजू निवडावीच लागते?

आहेत, आणि वाहन गतिशास्त्राचा पाया बऱ्याच अंशी त्यांनीच घातला. वुनिबाल्ड काम हे डाइम्लरमध्ये काम केलेले अभियंते १९३० मध्ये स्टुटगार्टला प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी वाहन व इंजिनांची संशोधन संस्था उभी केली. गाडीची मागची बाजू उतरती ठेवून अचानक कापली तर हवेचा रोध कमी राहतो, या आकाराला आजही त्यांचंच नाव आहे. एर्न्स्ट फियाला यांनी १९५४ मध्ये टायरच्या बाजूच्या बलाचं मॉडेल मांडलं. ते डाइम्लर-बेंझमधून बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि तिथून फोक्सवागनमध्ये जाऊन संशोधन-विकासाचे प्रमुख झाले. टायरचं आज सर्वत्र वापरलं जाणारं "मॅजिक फॉर्म्युला" हे सूत्रही दोन्ही बाजूंच्या सहकार्यातून आलं. डेल्फ्टच्या विद्यापीठातले हान्स पासेइका आणि व्होल्व्हो यांचं हे एकत्र काम १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं यश कशात आहे ते पाहण्यासारखं आहे : सूत्रातला प्रत्येक गुणक आलेखावर बोट ठेवून दाखवता येतो. कडकपणा, शिखर, आकार, वाक. चाचणी करणाऱ्याला आणि गणित करणाऱ्याला एकाच कागदावर बोलता येतं.

बाजू निवडावी लागते ती बहुधा वेळेपुरती. उद्योगात निर्णयाची तारीख आधी ठरते आणि माहिती तेवढ्यात बसवावी लागते. विद्यापीठात माहिती पुरी होईपर्यंत थांबता येतं. एकीकडची सवय दुसरीकडे नेली तर त्रास होतो, म्हणून जाण्यापूर्वी वर्षभर तरी संयुक्त प्रकल्पात काम करून पाहावं.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्याचा थिसिस एका कंपनीच्या सस्पेन्शनवर आहे. काम संपलं, आणि आता कंपनी म्हणते काहीही छापायचं नाही. विद्यार्थ्याची पदवी अडली आहे. मार्ग काय?

आधी अडलेली गाडी सोडवू. कंपनीला आकडे लपवायचे असतात, पद्धत सहसा नाही. सगळे परिणाम एका संदर्भ मूल्याने भागून गुणोत्तरात द्या. स्प्रिंगचा कडकपणा "मूळच्या १.१५ पट" असा लिहिला तर निष्कर्ष तसाच राहतो आणि उत्पादनाचा आकडा बाहेर जात नाही. अक्षांवरचे अंक काढा, भागाचं नाव आणि फोटो काढा. पद्धत सिद्ध करायला एखादी उदाहरणादाखलची गाडी गणितात घ्या, जिची माहिती उघड आहे. परीक्षकांनी पूर्ण प्रत गुप्ततेच्या करारावर वाचावी आणि ग्रंथालयात ठेवायची प्रत ठराविक काळ बंद ठेवावी, अशी सोय बहुतेक विद्यापीठांत असते. कंपनीशी याच क्रमाने बोला : आधी गुणोत्तरं दाखवा, मग बंद प्रतीचा विषय काढा.

पेटंट होण्यासारखं काही असेल तर मात्र घाई करू नका. युरोपात अर्ज दाखल होण्यापूर्वी कुठेही उघड झालेली गोष्ट नवी धरली जात नाही. परिषदेतलं पोस्टर किंवा ग्रंथालयातला थिसिससुद्धा त्यासाठी पुरतो. अमेरिकेत संशोधकाने स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहिलात तर युरोपासारखे बरेच देश हातचे जातात. आधी अर्ज, मग निबंध.

पुढच्या वेळी प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच एक तक्ता करा. कोणती मोजमापं जशीच्या तशी छापायची, कोणती गुणोत्तरात, आणि कोणती अजिबात नाही. कंपनीने मसुदा किती दिवसांत तपासून परत द्यायचा आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर काय समजायचं, तेही लिहा. त्यावर कंपनीच्या विधी विभागाची सही घ्या. ओळखीच्या अभियंत्याच्या तोंडी होकारावर चालू नका, त्याची बदली झाली की तो होकारही जातो.

प्रश्न : आमच्या विभागाला एका कंपनीने चाचणीतली जुनी गाडी दिली आहे. कॅन लॉगर (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या कॅन बसवरचा डेटा नोंदवणारं उपकरण) लावला, पण कधी डेटा येतो, कधी येत नाही, आणि आठवड्याने गाडी चालूच होत नाही. कुठे चुकतंय?

दोन वेगळे दोष आहेत.

पहिल्यासाठी बॅटरी काढा, पाच मिनिटं थांबा आणि कॅनच्या हाय आणि लो तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा. ६० ओहम यायला हवा, कारण बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. १२० आला तर एक टोक तुटलंय. ४० आला तर तुमच्या लॉगरमध्ये तिसरा रोधक चालू आहे. बऱ्याच लॉगरमध्ये तो स्विचने किंवा सॉफ्टवेअरमधून बंद करता येतो. गाडीच्या बसवर जोडताना तो बंदच हवा. टेबलावर एकट्या कंट्रोलरशी जोडताना चालू ठेवतात, आणि तिथून गाडीवर आणताना बंद करायचं राहतं. ६० आला तर बसचा वेग तपासा आणि लॉगरकडे जाणारी फांदी छोटी करा. ५०० किलोबिटला ती तीस सेंटिमीटरच्या आत ठेवलेली बरी. शिवाय लॉगर "फक्त ऐका" या स्थितीत ठेवा. चुकीच्या वेगावर लावलेला लॉगर साध्या स्थितीत असेल तर तो चूक कळवणाऱ्या फ्रेम पाठवून बसवरच्या इतर कंट्रोलरनाही गप्प करतो.

डेटा आला पण आकडे वेडेवाकडे उड्या मारताहेत असं दिसलं, तर बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय. इंटेल (कमी वजनाचा बाइट आधी) आणि मोटोरोला (जास्त वजनाचा आधी), दोन्ही क्रम लावून पाहा. वेग एकसारखा वाढवत नेला की योग्य क्रमात सलग रेघ येते आणि चुकीच्या क्रमात करवतीसारखे दाते.

दुसरा दोष सरळ आहे. लॉगर किल्लीने बंद न होणाऱ्या वायरवरून वीज घेतोय. ०.२ अँपिअर म्हटलं तरी दिवसाला ४.८ अँपिअर-तास गेले. ५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून आठवड्यात जवळपास ३४ जातात, आणि उरलेल्यावर स्टार्टर फिरत नाही. लॉगरची लाल वायर इग्निशनच्या लाइनवर, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. फ्यूज जिथून वीज घेतली त्या टोकाशी बसवा, लॉगरपाशी नको, नाहीतर मधली वायर घासून बॉडीला टेकली तर तिला संरक्षणच राहत नाही.

आणि विद्यार्थ्यांना त्या गाडीत हात घालू देण्यापूर्वी एअरबॅगचे कनेक्टर बॅटरी काढून, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात सांगितलेला वेळ थांबून मगच सोडवा. चाचणीतल्या गाड्यांत जादा वायरिंग ओढलेलं असतं आणि त्याचा नकाशा सहसा सोबत येत नाही. गाडी देणाऱ्या कंपनीकडे तो मागा. मिळाला नाही, तर डॅशबोर्डच्या मागे जाणाऱ्या, मूळ वायरिंगमध्ये न दिसणाऱ्या प्रत्येक वायरचा फोटो काढून तिला नंबराची पट्टी लावा, आणि ती कुठे जाते हे कळेपर्यंत एकही कापू नका.